गावात राहून पळायला शिकायचं तर, शून्यापासून अर्ध्या तासापर्यंत

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, पहाटे जरा थंडी वाजायला लागली की आमच्याकडं सडकेवर पोट्टे पळताना दिसतात, पोलीस भरतीवाले. त्यांना पाहून गावातल्या आणखी चार-दोन जणांना वाटते की आपणही पळावं, कोणाचं पोट सुटलं असते, कोणाला शुगर निघाली असते, कोणाला नुसतीच हौस. पहिल्या दिवशी घरातून निघाले की सुसाट फाट्यापर्यंत, तिथं गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभे, दुसऱ्या दिवशी पिंडऱ्या जाम, संडासात बसता येत नाही, आणि चौथ्या दिवशी म्हणतात "आपल्याच्यानं नाही होत बाप्पा". होते भाऊ, सगळ्यांच्यानं होते. फाट्यापर्यंत सुसाट जायचंच नाही पहिल्या महिन्यात.

एक ९ आठवड्यांचा प्रोग्राम आहे, काऊच टू फाइव्ह के म्हणतात त्याला, म्हणजे बसल्या जागेवरून ५ किलोमीटर पळण्यापर्यंत, १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं तयार केला, पुढं इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्यानं त्याचं ॲपही काढलं आणि जगभर लोक त्याच्यावर पळायला शिकले. त्यात काही जादू नाही. आठवड्यातून तीनच दिवस, एका दिवशी अर्धा तास, आणि सुरुवातीला पळण्यापेक्षा चालणंच जास्त. मी खाली तोच सांगून राहिलो, फक्त आपल्या सडकेवर, आपल्या हंगामात कसा बसवायचा ते माझ्या हिशोबानं.

आता कोणी म्हणेल, आम्ही दिवसभर वावरात राबणारी माणसं, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन एकरच्या एकर फिरतो, आम्हाला काय पळणं शिकवता. बरोबर आहे, दमाला तुम्ही ऑफिसवाल्यापेक्षा भारीच असाल. पण चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असते आणि पळताना दोन्ही पाय हवेत जातात, मग सगळं वजन धपकन एका पायावर येते, तेही वजनाच्या दुप्पट-तिप्पट. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाच्या एका पायावर दर पावलाला दीड-दोन क्विंटल. ही सवय वावरातल्या कामानं लागत नाही. आणि गोची अशी आहे की दम दोन-तीन आठवड्यात सुधारते, हृदय-फुप्फुस लवकर शिकतात, पण हाडं आणि नसा-दोऱ्या, टाचेच्या मागची ती जाड दोरी, यांना महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात माणसाला वाटते आता काय, आता तर उडतो मी, आणि तिथंच पाय धरते. गोऱ्ह्याला कोणी पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, आपल्या पायालाही जुंपू नये.

सुरू करायच्या आधी एक चक्कर प्राथमिक आरोग्य केंद्रात मारा. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, जिना चढताना किंवा बंडीत कापूस भरताना छातीत दाबल्यासारखं होत असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पळू नका. बायांनी हिमोग्लोबिन तपासून घ्या, रक्त कमी असलं की दुसऱ्या मिनिटालाच दम लागते आणि वाटते आपल्यातच खोट आहे, खोट नसते, लोहाच्या गोळ्यांची गरज असते. आणि आपल्या विदर्भातली एक खास गोष्ट, सिकलसेल, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. इकडं अनेक घरांत आहे आणि कित्येकांना माहीतही नाही. ज्याला आजार आहे त्यानं डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय असा प्रोग्राम करूच नये. जो नुसता वाहक आहे त्याला साधं हळू पळायला बहुतेक वेळा अडचण नसते, पण उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून पळणं त्याला खरंच महागात पडू शकते. सरकारी दवाखान्यात तपासणी होते, भरतीवाल्या पोट्ट्यांनी तर ती आधीच करून घ्यावी.

बुटांचं. स्लीपरवर नाही, सँडलवर नाही, शाळेच्या काळ्या बुटावर नाही. कंपनीचाच पाहिजे असं काही नाही, पण पळायचा बूट म्हणून जो मिळते तो घ्या, तालुक्याच्या बाजारात संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरात पाय थोडा सुजते. बोटाच्या पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे, टाच आत हलली नाही पाहिजे, आणि बूट मधातून नाही, पुढं बोटांजवळून वाकला पाहिजे. मोज्याशिवाय पळू नका, फोड येतात. कोणी म्हणेल अनवाणी पळणारेही आहेत की, आहेत, पण ते लहानपणापासून तसे पळून राहिले, तुम्ही नाही.

जागा कोणती, याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण गावात हाच मोठा प्रश्न असते. सगळ्यात चांगला मुरमाचा पांदण रस्ता, दबलेला, गिट्टी वर आलेली नसलेला. त्याच्यानंतर जिल्हा परिषद शाळेचं मैदान, पण तिथं एकाच बाजूनं गोल गोल फिरू नका, दोन चकरा अशा, दोन चकरा उलट्या, नाहीतर एकाच पायावर ताण येते. डांबरी सडक चालते. सिमेंट रोड सगळ्यात कडक, आजकाल गावात तोच असते म्हणून लोक त्याच्यावरच पळतात, होता होईल तो टाळा. काळ्या मातीच्या रस्त्यावर पावसाळ्यात तर बुटाला किलोभर चिखल चिकटते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, भेगेत टाच गेली की घोटा मुरगळलाच. धुऱ्यावरून पळायची हौस करू नका, गवतात काय पडून आहे दिसत नाही, साप तर आहेच.

सडकेवर पळत असाल तर उजव्या बाजूनं पळा, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. कापसाच्या सीझनमध्ये पहाटे जिनिंगकडं जाणाऱ्या गाड्या भरधाव असतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं लाईट नसते, म्हणून काळं जॅकेट घालू नका, पांढरं-पिवळं काहीतरी घाला. कानात इअरफोन तर मुळीच नको. कुत्रं अंगावर आलं की पळायचं थांबा, उभे राहा, मग हळू चालत निघा, पळणाऱ्याच्या मागं कुत्रं लागते, चालणाऱ्याच्या सहसा नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, ब्रह्मपुरी, भंडारा, गोंदिया भागातल्या लोकांना वेगळं सांगायला पाहिजे का माहीत नाही, पण सांगतो. जंगलाला लागून असलेल्या रस्त्यावर अंधारात पळायचं नाही. वाघ, बिबट, अस्वल, रानडुक्कर, सगळे त्याच वेळी फिरतात. पुरतं उजाडू द्या, चौघं-पाच जण मिळून जा, गावाच्या आतल्या मैदानात चकरा मारा. कंटाळवाणं होते, होऊ द्या.

आता प्रोग्राम. सोमवार-बुधवार-शुक्रवार धरा किंवा तुमच्या बाजाराच्या दिवसाप्रमाणे मागंपुढं करा, पण दोन पळायच्या दिवसांच्या मधात एक दिवस सुट्टी पाहिजेच. पाय सुट्टीच्या दिवशी मजबूत होतात, पळायच्या दिवशी तर ते फक्त झिजतात.

पहिला आठवडा असा. घरून निघाले की ५ मिनिटं भरभर चाला, बस सुटून राहिली आहे असं समजून. मग ६० सेकंद पळा, ९० सेकंद चाला, पुन्हा ६० पळा, ९० चाला, असं आठ वेळा, वीस मिनिटं होतात. शेवटी पाच मिनिटं साधं चालत घरी. झालं. मोबाईलमध्ये इंटरव्हल टायमरचं फुकट ॲप मिळते, ते लावून खिशात टाका, बीप वाजलं की पळा, बीप वाजलं की थांबा. मोबाईल न्यायचा नसेल तर सडकेचे विजेचे खांब मोजा, पहिल्या दिवशी घड्याळ लावून पाहून घ्या की हळू पळताना एका मिनिटात आणि चालताना दीड मिनिटात किती खांब जातात, मग रोज तेवढेच खांब पळायचे, तेवढेच चालायचे.

हे पहिल्या दिवशी इतकं सोपं वाटेल की लाज वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या चकरीत वाटते एवढंच का, आणखी जातो ना थोडं. नका जाऊ. सहाव्या-सातव्या चकरीला कळते की मिनिट केवढं मोठं असते.

आणि पळायचं कसं, तर हळू. याच्यावरच सगळं अडते. हळू म्हणजे किती, तर पळता पळता सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर सतराचा पाढा मोठ्यानं म्हणून पहा, सत्रा सत्ते म्हणेपर्यंत दम तुटला तर तुम्ही जोरात पळून राहिले, कमी करा. बाजूनं भरभर चालणारा काकाजी तुमच्या पुढं निघून गेला तरी चालते. पावलं लहान टाका, जवळ जवळ, लांब ढांगा टाकू नका. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, पुढं लांब जाऊन टाचेवर आपटला नाही पाहिजे. हाताच्या मुठी आवळू नका, खांदे कानाजवळ नेऊ नका, नजर दहा-पंधरा पावलं पुढं. नाकानं श्वास घ्या का तोंडानं, याच्यावर गावात लय भांडणं होतात, पाहिजे तिथून घ्या, दोन्हीकडून घ्या, श्वास पुरला पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात ९० सेकंद पळणं आणि २ मिनिटं चालणं, सहा वेळा. तिसऱ्यात दीड मिनिट पळा, दीड चाला, मग ३ मिनिटं पळा, ३ चाला, आणि हे सगळं आणखी एकदा. चौथा जरा अंगावर येते: ३ मिनिटं पळा, दीड चाला, ५ पळा, अडीच चाला, पुन्हा ३ पळा, दीड चाला, ५ पळा. चालण्याचा वार्मअप मात्र प्रत्येक वेळी पाच मिनिटांचा आहेच, तो खाऊ नका.

पाचवा आठवडा म्हणजे या प्रोग्रामची खरी परीक्षा, कारण यात तिन्ही दिवस वेगवेगळे आहेत. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटं तीन वेळा, मधात ३-३ मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी ८ पळा, ५ चाला, ८ पळा. आणि तिसऱ्या दिवशी सरळ २० मिनिटं, मधात चालणं नाही. वाचूनच लोक घाबरतात, आठवरून एकदम वीस? पण झेपते, बहुतेकांना झेपते, फक्त सुरुवातीची पाच मिनिटं मुद्दाम आणखी हळू काढायची. ज्याला नाही झेपलं त्यानं तोच आठवडा पुन्हा करायचा, त्यात कमीपणा काही नाही. कोणी ९ आठवड्यांचं १४ आठवड्यांत करते, पाय काही तारीख पाहत नाहीत.

सहाव्यात पुन्हा थोडं तोडून पळायचं, पहिल्या दिवशी ५-८-५, मधात ३-३ मिनिटं चाल, दुसऱ्या दिवशी १०-१० मधात ३ मिनिटं चाल, आणि तिसऱ्या दिवसापासून चालणं बंदच, सलग २२ ते २५ मिनिटं. सातव्यात तिन्ही दिवस २५, आठव्यात २८, नवव्यात ३०. नाव जरी ५ किलोमीटरचं असलं तरी अर्ध्या तासात बरेच जण साडेतीन-चार किलोमीटरच जातात. जाऊ द्या. अर्धा तास न थांबता पळणारा माणूस गावात दिवा घेऊन शोधावा लागते, अंतर पुढच्या दोन महिन्यांत आपोआप येते.

हंगामाचा हिशोब असा की दिवाळीनंतरच्या आठवड्यात सुरू केलं तर संक्रांतीच्या आसपास संपते, हवाही पळायसारखी असते. पण याच काळात कापूस वेचणी आणि गव्हा-हरभऱ्याचं ओलीत असते, लाईन रातपाळीची असली की माणूस रात्रभर वावरात. अशा रात्रीनंतर पहाटे पळायचं नाही, झोपा, संध्याकाळी पळा किंवा दुसऱ्या दिवशी. झोप नसताना पळणं म्हणजे दुखणं बोलावणं. दिवसभर वाकून वेचणी केली असेल तर त्या दिवशी पळायच्या आधी कंबर मोकळी करा, चालणं पाचचं दहा मिनिटं करा.

दुखण्याचं बोलू. मांड्या-पिंडऱ्या दोन्ही बाजूला सारख्या दुखतात, सकाळी जास्त आणि चालल्यावर कमी होते, ते साधं अंग दुखणं आहे, जाते. पण भरतीच्या पोट्ट्यांमध्ये जे हमखास होते ते नडगीचं दुखणं, पायाच्या पुढच्या हाडाची आतली कड. ते असं तपासा: पाय समोर घेऊन बसा, अंगठ्यानं घोट्याच्या वरून आतल्या कडेनं गुडघ्याकडं दाबत दाबत जा. चार-सहा बोटांच्या लांबीत ठसठस असेल तर आठ-दहा दिवस पळणं बंद, सायकल चालवा, चाला, बर्फ नसेल तर थंड पाण्याची पट्टी ठेवा, मग परत येताना दोन आठवडे मागून सुरू करा. पण एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत दाबल्यावर कळ डोक्यात जात असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, सरळ हाडाच्या डॉक्टरकडं जा. मेडिकलमधून दुखण्याची गोळी खाऊन पळणारे भैताड मी लय पाहिले, गोळीनं दुखणं झाकते, थांबत नाही, आणि कमी पाण्यात ती गोळी किडनीलाही चांगली नाही. भरतीच्या आधी ताकदीचं इंजेक्शन देतो म्हणणारा भेटला तर तिथून उठून या.

पळताना बरगडीखाली कळ येते ती जेवून लगेच पळाल्यामुळं किंवा जोरात सुटल्यामुळं. चालायला लागा, हातानं दाबून लांब श्वास सोडा, जाते.

खायचं काय याचा लोक फार बाऊ करतात. पहाटे पळत असाल तर अर्धं केळ किंवा गुळाचा खडा आणि एक ग्लास पाणी पुरते, काही न खाता गेलं तरी अर्ध्या तासाला काही होत नाही, शुगरची गोळी-इन्शुलिन चालू असलेल्यांनी मात्र खाऊनच जावं आणि खिशात साखर ठेवावी. आल्यावर नेहमीचंच जेवण, भाकर, वरण, मोड आलेली मटकी, फुटाणे-शेंगदाणे, अंडी खात असाल तर अंडी. डब्यातली पावडर नको. पोहे-तर्री पळून झाल्यावर खा, आधी खाल्ली तर तर्री कुठून परत येईल सांगता येत नाही.

लोक काय म्हणतील ते आधीच ठरलेलं आहे. पारावरून आवाज येईल, "काहून बे, कुत्रं मांगं लागलं का?" हसून "हो काकाजी, तुमच्याच घरचं" म्हणायचं आणि पुढं जायचं, आठ दिवसांत त्यांना कंटाळा येते. बायांना हे एवढं सोपं नाही हे मला माहीत आहे. दोघी-तिघींनी मिळून निघणं, शाळेच्या मैदानात उजाडल्यावर पळणं, आशाताई किंवा बचत गटातल्या एखाद्या वहिनीला सोबत घेणं, याच्यानं घरचेही लवकर तयार होतात. ट्रॅक पँट आणि सैल कुडता चालते, ओढणी घरी ठेवा, आणि आतले कपडे पळायचे, घट्ट बसणारे घ्या, त्याच्यावर दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, बुटांनंतर तोच खर्च कामाचा आहे. पाळीत पळता येते, अंगात त्राण नसेल तर त्या दिवशी चाला.

९ आठवडे झाल्यावर भरतीवाल्यांचा रस्ता वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० मार्कांची, पोट्ट्यांना १६०० मीटर आणि पोरींना ८०० मीटर, सोबत १०० मीटर आणि गोळाफेक. १६०० ला पैकीच्या पैकी पाहिजे असेल तर पाच मिनिटांच्या आसपास यावं लागते, ते हळू पळून येत नाही हे खरं. पण अर्धा तास हळू पळता येत नसताना रोज टायमर लावून १६०० मारणं म्हणजे पाय घालवणं. आधी पाया होऊ द्या, मग आठवड्यातून एकच दिवस वेगाचा ठेवा, ४०० मीटर जोरात आणि मधात तेवढंच चालणं, चार वेळा, आणि बाकीचे दिवस हळूच. महिन्यातून एकदा पूर्ण १६०० टायमरवर. ज्यांना भरती द्यायची नाही त्यांनी तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालू ठेवावं, वाटलं तर रविवारचा एक दिवस दर आठवड्याला चार-पाच मिनिटांनी वाढवावा.

फेब्रुवारी सरली की ऊन चढते. शरीराला गरमीची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोपर्यंत वेग आणि वेळ दोन्ही कमी करा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, तेव्हा सूर्य निघायच्या आत पळणं संपलं पाहिजे, जंगलाकाठच्यांनी तर त्या दोन महिन्यांत गावातल्या गावात चालणंच ठेवावं. संध्याकाळी पळू नका, रस्ता आठ वाजेपर्यंत तापलेला असते. घामाचं मीठ भरून काढायला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा छोटा चमचा, निंबू पिळा, किंवा मीठ टाकून ताक. पळताना डोकं गरगरलं, मळमळलं, भर उन्हात अंगावर शहारे आले की तिथंच थांबा, सावलीत बसा, डोक्यावर-मानेवर पाणी टाका. आणि सोबतचा माणूस काहीबाही बडबडायला लागला किंवा पडला तर तोंडात पाणी ओतायच्या भानगडीत पडू नका, कपडे ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा.